एक पळसुले

“वहिनी, साहेब घरात आहेत का? लवकर बोलवा, लग्न अडलंय!”

दारात दत्तोबा पोरे उभे होते. फेटा सुटून अर्धा खांद्यावर आलेला, भुवईत दोन अक्षता अडकलेल्या. त्यांच्या मागे बँडातला झांजवाला होता, तो दत्तोबांबरोबर का पळत आला ते त्यालाही सांगता आलं नसतं. दत्तोबांचं शिवणकामाचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी. त्यांच्या वैजयंतीचं त्या दिवशी लग्न होतं आणि शाळेच्या पटांगणातल्या मांडवातून मंगलाष्टकं थेट आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येत होती. मध्येच ती थांबली, तेव्हा मला वाटलं, माईक बिघडला असेल.

“कशानं अडलं?” मी विचारलं.

“वैजूनं एक पळसुले मागितलाय,” दत्तोबा म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

माझ्या हातात लाटणं होतं. ते मी खाली ठेवलं. आमचं आडनाव गावात कशासाठी वापरलं जातं ते मला चांगलं ठाऊक होतं, पण माझ्या उंबऱ्यात उभं राहून ते तसं म्हणायची हिंमत तोवर कुणी केली नव्हती.

कासारपेठेबाहेरच्या माणसाला हे समजायचं नाही. म्हणून आधी ते सांगते.

आमच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान. राजकारणाशी संबंध एवढाच, की गावातल्या दोन्ही पुढाऱ्यांचे चष्मे हेच करायचे. त्या वर्षी नगरपालिकेच्या निवडणुकीत वॉर्डातल्या लोकांनी ह्यांना आग्रहानं अपक्ष उभं केलं आणि हे निवडून आले. निकाल लागला तो असा, की जगदाळेंच्या पार्टीचे आणि भोईट्यांच्या पार्टीचे नगरसेवक बरोबरीला बरोबर. मध्ये एकटे त्र्यंबक पळसुले. दोघांनी आठवडाभर खल केला आणि शेवटी दोघांनाही एकदमच सुचलं, की नगराध्यक्ष पळसुल्यांनाच करावं. माणूस निरुपद्रवी आहे.

सकाळी निवड झाली. गुलाल उडाला. मी पेढ्यांचे पुडे घेऊन गल्लीत वाटायला निघाले. वाटत वाटत कोपऱ्यावरच्या घरी पोचते तोच त्या घरची सून म्हणाली, “काकू, काका तर घरी गेले की आत्ता. चालत.” घरी येऊन बघते, तर हे कपडे बदलून पाटावर बसलेले. म्हणाले, “वाढ. राजीनामा दिला.”

का दिला, ते सांगितलं नाही. त्यांचा स्वभावच तसा. मी समजले, घाबरले असतील.

नगराध्यक्षांच्या दालनावर पाटी रंगवायला बंडू पेंटर बसला होता. त्यानं ‘श्री. त्र्यं. पळ’ इतकं रंगवलं होतं, तेवढ्यात साहेबच बाहेर पडले. बंडूनं ब्रश धुऊन टाकला. आता नगरपालिकेच्या दारावर ठळक अक्षरांत ‘पळ’ लिहिलेलं असल्यावर गाव गप्प बसेल काय?

आठवड्याच्या आत शब्द रुळला. केशकर्तनालयात गिऱ्हाईकाला सांगायचे, “एक पळसुले बसा, हे डोकं संपवतो.” डॉक्टर सुई टोचताना म्हणायचे, “एक पळसुले दुखेल.” पहिल्या चेंडूवर बाद झालेला गडी पळसुले झाला. वीज जाऊन लगेच आली की पोरं ओरडायची, “पळसुले होता, पळसुले!” एकदा दुधाच्या पातेल्याशी उभी असताना शेजारीण भिंतीपलीकडून लेकीला सांगत होती, “गॅस बारीक कर आणि अजून एक पळसुले ठेव.” माझं दूध उतू गेलं.

ह्यांनी दुकान बंद केलं आणि चष्मे घरीच दुरुस्त करायला लागले. लग्न, मुंज, बारसं, कुठंही जाणं बंद. हे नाहीत म्हणून मीही नाही. दोन गल्ल्या पलीकडे लग्न असून आम्ही घरात होतो ते त्यामुळेच.

“अहो वहिनी,” दत्तोबा रडकुंडीला आले होते, “मुलाकडचे विचारतात, हा पळसुले म्हणजे किती वेळ? मिनिटं सांगा म्हणतात. जगदाळेंची माणसं म्हणतात, मतदान झाल्यापासून राजीनाम्यापर्यंत मोजायचा. भोईट्यांची म्हणतात, खुर्चीत बसल्यापासून. मांडवात दोन तट पडलेत. पोरगी पाटावरून हलत नाही आणि अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आलेत. आता साहेबांशिवाय कोण सांगणार?”

हे आतल्या खोलीतून सगळं ऐकत होते. चष्म्याची काडी आणि बारीक पेचकस हातात धरून बाहेर आले.

“मी लग्नाला जात नाही, दत्तोबा. तुम्हाला माहीत आहे.”

“लग्नाला नका येऊ. निकालाला या.”

“कशासाठी मागितलाय तिनं?”

“तेच तर सांगत नाही. आधी वेळ द्या म्हणते. साहेब, मुहूर्त टळतोय हो! पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे!”

ह्यांनी काडी खिडकीत ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “माझा सदरा दे.”

मी सदरा दिला आणि पिठाचे हात तसेच पदराला पुसून त्यांच्या मागोमाग निघाले. ह्यांना एकट्याला त्या माणसांत सोडायचं माझ्या जिवावर आलं होतं.

मांडवाच्या तोंडाशी कुणीतरी ओरडलं, “आले, आले, खुद्द पळसुले आले!” आणि माणसं दुभंगून वाट झाली. कुठूनतरी फिस्सकन हसू आलं. ह्यांची मान जराशी खाली गेलेली मी मागून पाहिली. पण पाय थांबले नाहीत.

बोहल्यावरचा देखावा बघण्यासारखा होता. अंतरपाट मध्ये लोंबकळत होता, धरणारे दोघे आलटून पालटून हात झटकत होते. अलीकडे वैजयंती पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून, डोळे हारावर लावून ठाम उभी. पलीकडे नवरदेव हेमंत. गोरा, सडपातळ, सहकारी सोसायटीत नोकरीला, आणि मूग गिळल्यासारखा गप्प. त्याच्या खांद्यावर त्याच्या मामांचा हात. बाबूरावमामा म्हणजे त्यांच्या घरातला शेवटचा शब्द. वडील लहानपणीच गेलेले, मामांनीच वाढवलं, शिकवलं, आणि त्याचा ते कुणाला विसर पडू देत नव्हते.

“हे कोण?” मामांनी विचारलं.

“हेच ते पळसुले,” दत्तोबा म्हणाले.

“म्हणजे माणूस आहे?” मामा थक्क झाले. “मला वाटलं, इकडचं काहीतरी माप असेल. शेर, पायलीसारखं.” मग हात जोडून म्हणाले, “बरं, नमस्कार. सांगा, तुम्ही किती मिनिटांचे?”

मांडव खो खो हसला. ह्यांनी हसणं थांबू दिलं. मग मामांना उत्तर न देता वैजयंतीजवळ गेले.

“काय झालं, पोरी?”

इतका वेळ कुणाशी न बोललेली ती मुलगी ह्यांच्याशी बोलली. गुरुजींच्या हातातला माईक चालूच होता, त्यामुळे सगळ्या पटांगणाला ऐकू गेलं.

“काका, ह्यांनी,” तिनं अंतरपाटाकडे हात केला, “मला सांगितलं होतं, नाव बदलणार नाही. मी बालवाडीत शिकवते, पोरं मला वैजूताई म्हणतात. आणि सकाळी रुखवताशेजारी ह्यांच्याकडची भांडी मांडलेली बघितली. परात, पातेली, तांबे, सगळ्यांवर घातलंय, सौ. हेमलता. मला फक्त ह्यांना विचारायचं होतं. कुणी विचारू देईना, तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली. ती एकदा सुरू झाली की कशी थांबवायची ते कुठं कुणी शिकवतं? तोंडाला आलं ते बोलले, मला एक पळसुले द्या.” आणि मग हळूच, “काका, तुम्हाला वाईट वाटलं असेल तर...”

“नाव बदलायचंच असतं!” मामा गरजले. “हेमंतला हेमलता. किती शोभतंय! सगळी भांडी नाव घालून आणलीत, आता काय कानशीनं घासायची? पळसुलेसाहेब, तुम्ही आकडा सांगा. पाच मिनिटं? दहा?”

“मतदानापासून धरलं तर दोन तास!” मागून जगदाळेंचा माणूस ओरडला.

“खुर्चीपासून धरा! पाऊण!” भोईट्यांचा.

“गप्प बसा,” हे म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. पण मी लग्न होऊन आल्यापासून ह्यांच्या तोंडून हे दोन शब्द ऐकले नव्हते. मांडव गप्प झाला.

“आकडा मला माहीत नाही,” हे म्हणाले. “मी घड्याळ बघितलं नव्हतं. काय झालं ते सांगतो, मग तुम्हीच मोजा. मी खुर्चीत बसलो. पहिला फोन जगदाळ्यांचा आला. म्हणाले, बसून राहा, कशावरही सही करू नका. लगेच दुसरा फोन भोईट्यांचा. बसून राहा, कशावरही सही करू नका. म्हटलं, वा! दोघांचं एकमत झालंय म्हणजे गावाचं भलं होणार. तेवढ्यात एक बाई आत आल्या. त्यांनी रिकामा हंडा माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाल्या, साहेब, हंड्यात बघा. मी बघितलं. काय दिसतं? मी म्हटलं, काही नाही. तर म्हणाल्या, तेच आमच्या नळाला येतं.”

कुणी हसलं नाही.

“मी अर्जावर सही करायला पेन काढलं. हेडक्लार्कनं हळूच हात धरला. म्हणाला, साहेब, दोन्ही फोन आलेत ना? मी विचारलं, मग मला करता येण्यासारखं काय आहे? त्यानं विचार केला. माणूस प्रामाणिक होता. म्हणाला, साहेब, तुम्हाला बसता येईल.” हे जरा थांबले. “बसणं मला जमलं असतं. दुकानात आयुष्यभर बसूनच काढलंय. पण त्या बाई पुढ्यात उभ्या होत्या. म्हणून उठलो.”

मी खांबाला धरून उभी होते. इतक्या दिवसांत ही हकिकत मला माहीत नव्हती, आणि आता ती लाऊडस्पीकरवरून ऐकत होते.

मांडवाच्या मागच्या बाजूनं, जिथं जेवणाची पातेली घासायला बसवली होती तिथून, एक बाई राखेचे हात घेऊन पुढे आली. वरच्या आळीतली शेवंताबाई.

“अगं बया,” ती म्हणाली, “माझ्या हंड्यापायी उठलं व्हय तुमी? मला वाटलं, मला बघून पळालं! मी बी समद्यास्नी सांगत फिरले की वो, एक पळसुले म्हणून!” आणि तिनं राखेचे हात तसेच कपाळाला लावले.

“असू द्या, बाई,” हे म्हणाले. मग मामांकडे वळले. “तर पाव्हणे, एक पळसुले म्हणजे एवढाच वेळ. आपण नको तिथं बसलोय, हे माणसाला कळायला जेवढा लागतो तेवढा. कुणाला पाऊण तास पुरतो, कुणाला जन्म पुरत नाही. ह्या मुलीनं तो बसायच्या आधीच मागितलाय, म्हणजे ती माझ्यापेक्षा शहाणी. तिला तो मिळेल.”

मामा तोंड उघडणार, तेवढ्यात अंतरपाटापलीकडून बारीक आवाज आला.

“काका.”

सगळ्यांनी बघितलं. नवरदेव बोलला होता.

“काका, मलाही एक पळसुले मिळेल का?”

हे क्षणभर गोंधळले. असा अर्ज दोन्ही पक्षांकडून येईल, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मग म्हणाले, “मिळेल. मंजूर.”

त्यानंतर कासारपेठेत झालं तसं लग्न कुणी पाहिलं नसेल. मुहूर्त टळला. गुरुजी पंचांग घेऊन नवा शोधायला बसले. अंतरपाट धरणाऱ्यांनी तो घडी घालून खुर्चीवर ठेवला. आचारी येऊन म्हणाला, जिलबी गार होतेय, पंगत बसवू का? लग्नाआधी जेवायचं कसं, म्हणून म्हातारी माणसं कुरकुरली. पण पोटात कावळे ओरडत होते, आणि एका पंगतीला कुणी बसलं की दुसऱ्याला राहवत नाही. बँडवाले पहिल्याच पंगतीला. जगदाळेंची आणि भोईट्यांची माणसं शेजारी शेजारी बसून मठ्ठा मागत होती. मामा तेवढे बोहल्यावर एकटे राहिले, भांड्यांची राखण केल्यासारखे.

हेमंत एका ताटात जिलबी आणि मसालेभात घेऊन त्यांच्याजवळ गेला. गुरुजींनी पंचांग बघायच्या नादात माईक पाटावर ठेवला होता. तो चालू आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

“मामा, जेवा.”

“मला भूक नाही. तुझ्या लग्नाचा तमाशा केला त्या पोरीनं.”

“मामा, मी मुलगी बघायला आलो तेव्हा मला वैजयंती दाखवली होती. हेमलता नावाची मुलगी मी बघितलेलीच नाही. मला ती वैजयंतीच आवडली.”

पंगतीत हात तोंडाशी थांबले. वाढपी भाताची बादली घेऊन उभा राहिला.

“मग हे आधी बोलायला तुझी जीभ झडली होती?”

“तुमच्यापुढं बोलायची सवय नाही, मामा.”

स्पीकरमधून ताट सरकल्याचा आवाज आला. मग मामांचा आवाज. एकदम म्हातारा वाटला.

“आणि भांडी? इतकी भांडी नाव घालून आणलीत रे.”

“भांड्यांचं नाव हेमलताच राहू दे की. त्यांना कुठं काय वाटतंय?”

आणि त्यानंतर सगळ्या पटांगणाला मामा जिलबी खाताना ऐकू आले.

गुरुजींना गोरज मुहूर्त सापडला. मुलीनं होकार दिला, आणि लग्न भरल्या पोटी लागलं. ताटातल्या तांदळांत नाव लिहायची वेळ आली, तेव्हा हेमंतनं अंगठीनं वैजयंती असंच लिहिलं. ‘वै’च्या दोन्ही मात्रा नीट उमटल्या.

घरी परतताना आम्ही दोघंच होतो. वाटेत लोक नमस्कार करत होते, आणि तो कसा घ्यावा हे ह्यांना कळत नव्हतं.

“मला का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“त्या दिवशी तू पेढे वाटून आलीस. तुझ्या हातात उरलेला पुडा होता. त्या पुड्याकडे बघून काय सांगणार?”

“आणि नंतर?”

“नंतर सगळं गाव हसत होतं. कारण सांगितलं असतं तर त्या कारणाचाही विनोद झाला असता. निदान तेवढं तरी आपलं राहावं म्हटलं.”

थोडं पुढं गेल्यावर मी म्हटलं, “त्या शेवंताबाईच्या नळाचं पुढं काय झालं?”

ते थांबलेच. “मी विचारलंच नाही,” म्हणाले. “राजीनामा दिल्यावर मी कोण विचारणार?”

“वॉर्डातून निवडून आलात ना? खुर्ची सोडलीत, नगरसेवकपद कुठं सोडलंय? आणि ते नसतं तरी ह्या गावात राहता ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही तिघं नगरपालिकेत गेलो. हे, मी आणि शेवंताबाई. तिनं हंडा आणलाच होता. पाणीपुरवठ्याच्या टेबलावरचा कारकून कागदांत डोकं घालून बसला होता. आमच्या पावलांचा आवाज ऐकून मान वर न करता सवयीनं म्हणाला, “एक पळसुले थांबा.”

मग त्यानं वर बघितलं. समोर खुद्द पळसुले. बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“थांबतो की,” हे म्हणाले. “काल लग्नाला होतास ना? तिसऱ्या पंगतीत दिसलास. किती वेळ, ते तूच ठरव.”

कारकुनानं ह्यांच्याकडे बघितलं, शेवंताबाईकडे बघितलं, हंड्याकडे बघितलं. मग पेनाला टोपण लावलं आणि खुर्चीतून उठला. “चला,” म्हणाला, “आधी व्हॉल्व्ह बघून येऊ.”

आणि त्या कोंदट हापिसात, सगळ्यांच्या देखत, आमचे हे हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. शेवंताबाई हसली, तिच्यामुळे मला हसू आलं, आणि कारकून काय झालं ते न कळून आमच्यासाठी दार उघडून उभा राहिला.

वरच्या आळीच्या नळाला पाणी यायला त्यानंतर पुष्कळ पळसुले गेले. पण आलं.